जोखीम कुणाच्या खात्यावर?

दहावीचा निकाल लागला की आमच्या खानदेशात घरोघरी पोरांची प्रतवारी होते. टक्के चांगले असले तर सायन्स. बापाचं दुकान असलं तर कॉमर्स. उरलेल्यांना आर्ट्स, कारण तिथून पुढे चार-पाच वर्षं 'स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे' असं सांगता येतं. शेतकऱ्याच्या मुलीनं कॉमर्स घेतलं की भेटेल तो विचारतो, "बँकेत लागायचं का?" अर्थशास्त्र तर कुणी मुद्दाम निवडत नाही, विषयांच्या जोडीत ते आपसूक पदरात पडतं.

मी चोपडा तालुक्यातली. तापीकडच्या काळ्या रानात घरची केळी, वरच्या हलक्या रानात कापूस. बी.कॉम. तालुक्याच्याच कॉलेजात केलं आणि आता जळगावात लोकांचे हिशेब लिहिते. त्यात एक दालमिल आहे, एक जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना) आहे, केळीचे व्यापारी आहेत. यंदा पुतणी बारावीला आहे. बी.कॉम. करू, बी.बी.ए. करू, की पुण्याला गोखले संस्थेत बी.एस्सी. इकॉनॉमिक्सला बसून बघू, असं तिचं चाललंय. त्यात आता चार वर्षांच्या पदवीचीही भानगड. "आत्या, तुला त्या तीन वर्षांत काय मिळालं ते सांग, मग ठरवते," असं ती म्हणाली. फोनवर सांगता येईना म्हणून लिहायला बसले.

सरळ सांगायचं तर मला एक सवय लागली. कुठलाही व्यवहार समोर आला की भाव किती, नफा किती, हे मी नंतर बघते. आधी बघते ते असं, की गणित फिसकटलं तर तोटा कुणाच्या नावे पडणार? हा प्रश्न कुठल्याही पेपरात दहा मार्कांना आला नव्हता. पण किर्द-खतावणी एका हाताला आणि मागणी-पुरवठा दुसऱ्या हाताला घेऊन खानदेशात तीन वर्षं काढली की तो आपोआप तयार होतो.

पहिल्या वर्षाला पूर्ण स्पर्धेची लक्षणं पाठ करायची असायची. असंख्य विक्रेते, असंख्य ग्राहक, एकजिनसी वस्तू, बाजाराचं संपूर्ण ज्ञान, मुक्त प्रवेश आणि निर्गमन. जवळपास जाणारं उदाहरण म्हणून शेतमालाचा बाजार दिलेला. मी ओट्यावर बसून मोठ्यानं घोकत होते आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, ऐकत होते. त्यांनी विचारलं, "तुन्हा पुस्तकमा लिखेल शे का, भाव कोन ठरावस?" मी सांगितलं, कुणीच एकटा ठरवत नाही, मागणी आणि पुरवठा ठरवतात, विक्रेता फक्त भाव स्वीकारतो. आबांनी मान डोलावली. विक्रेता भाव स्वीकारतो हे त्यांना साठ वर्षांपासून ठाऊक होतं. मग म्हणाले, विकणारे असंख्य हे बरोबर, घेणारे मोज.

मी मोजले. आमच्या गावच्या केळीला घेणारे एका हाताच्या बोटांवर मावत होते. एकमेकांचे पाहुणे होते ते वेगळंच.

केळीचा बाजार ज्याला कळला त्याला अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल समजावून सांगावा लागत नाही. काळ जितका लहान तितका पुरवठा ताठ, म्हणजे भाव बदलला तरी तो वाढवता-घटवता येत नाही, हे सांगताना मार्शलनं मासळीचं उदाहरण घेतलं. आज पकडलेली मासळी आजच विकायची, उद्या तिला कुणी विचारत नाही. मार्शल केंब्रिजला होता. आमच्या केळीच्या पेठेत, सावद्याला असता तर त्यानं केळी घेतली असती. घड पक्व झाला की कापणी थोडे दिवस लांबवता येते, उन्हाळ्यात तेवढीही नाही. माल हिरवा कापायचा, गाडीत भरायचा, दिल्ली-कानपूरकडे जाऊन तो तिकडच्या चेंबरमध्ये पिकणार. रोज भाव जाहीर होतो, नवतीचा (नव्या लागवडीचा) वेगळा आणि पिलबागचा (खोडव्याचा) वेगळा. पण बोर्डावरचा भाव एक आणि बांधावरचा एक, ही तक्रार आमच्याकडे फार जुनी आहे. ती का मिटत नाही, याचं उत्तर त्या ताठ पुरवठ्यात आहे. व्यापाऱ्याला आज माल नको असेल तर तो उद्या येऊ शकतो. झाडावरच्या घडाला थांबता येत नाही.

पुढच्या वर्षी कॉबवेब सिद्धांत आला. हे नाव निकोलस काल्डोरनं १९३४ मध्ये दिलं. शेतकरी आजचा भाव बघून लावतो, पण माल निघतो तो कितीतरी महिन्यांनी. भाव चढा म्हणून सगळेच लावतात, सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडतो, मग सगळे कमी लावतात आणि पुन्हा भाव चढतो. आलेखावर ही रेघ फिरत फिरत जाळं विणते. शिकवणारे सर चांगले होते. त्यांनी फळ्यावर डुकरांचा बाजार काढला, कारण पुस्तकात डुकरं होती. वर्गात निम्म्या पोरांच्या घरी मृगबाग आणि कांदेबाग. लागवड जूनला करायची की पावसाळा सरताना, यावर घरात भांडणं चाललेली. केळीला लागवडीपासून कापणीपर्यंत साधारण वर्ष जातं. त्या दिवशी सरांनी डुकरं पुसून केळी लिहिली असती तर मागच्या बाकावरची पोरं जागी झाली असती, असं मला आजही वाटतं. अभ्यासक्रम आमच्याच विद्यापीठाचा, १९९० साली पुणे विद्यापीठापासून वेगळं होऊन जळगावला झालेलं, आणि उदाहरणं मात्र लांबून आणलेली.

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि पुतणीला मला मुख्यतः हेच सांगायचंय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे माहेरवाशिणी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्याच सुमारास सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. वर्षाचे ठरीव पैसे, वर धान्य, आणि त्यातली काही रक्कम आधीच उचल म्हणून. ज्यांना सालदार ठेवायचा नसतो ते शेत निमबटाईनं देतात : जमीन मालकाची, राबणं बटाईदाराचं, बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, माल निम्मा-निम्मा. तिसरी रीत उक्त्याची. ठोक रक्कम आधी मोजून घ्यायची, मग वर्षभर शेतात सोनं पिको की माती, मालकाला काही घेणं-देणं नाही.

लहानपणापासून हे तिन्ही शब्द कानावर होते. मला वाटायचं, ज्याची जशी सोय तसं तो करतो. तिसऱ्या वर्षी कृषी अर्थशास्त्राच्या पुस्तकात बटाईवर एक पान सापडलं. बटाई अकार्यक्षम, असं त्यात म्हटलं होतं. युक्तिवाद मार्शलपासून चालत आलेला : जास्त राबून निघालेल्या प्रत्येक दोन क्विंटलांतला एक मालकाकडे जाणार असेल, तर बटाईदार जास्त राबेल कशाला? वाचून पटतं. मग शेजारच्या रानात बघावं तर बटाई हटायचं नाव घेत नाही. इतकी वाईट पद्धत इतकी वर्षं टिकते कशी?

ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात याचं उत्तर मिळालं. १९६९ मध्ये स्टीव्हन चुंगनं आणि १९७४ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झनं बटाईकडे जोखमीची वाटणी म्हणून बघितलं. त्या चष्म्यातून आमच्या गावच्या तिन्ही रीती एका ओळीत उभ्या राहतात. सालदारीत पाऊस दगा देवो की भाव पडो, सालदाराचे पैसे ठरलेले. सगळी जोखीम मालकाची, आणि म्हणूनच त्याला दिवसभर बांधावर उभं राहून देखरेख करावी लागते, कारण सालदारानं जास्त केलं काय, कमी केलं काय, त्याचं साल तेवढंच. उक्त्यात उलटं. मालकाला शेताकडे फिरकायची गरज नाही, कसणारा जिवाच्या आकांतानं कसणार, कारण सगळा फायदा त्याचा आणि सगळा बुडीत खर्चही त्याचाच. निमबटाई या दोन्हींच्या मधली. थोडी देखरेख, थोडी कळकळ, जोखीम दोघांत. मार्शल म्हणतो तसं काम थोडं कमी होत असेलही. ती अर्ध्या विम्याची किंमत.

हे वाचून मी आण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं, तुम्ही धाब्याजवळचं शेत बटाईनं देता आणि विहिरीजवळचं सालदाराकडून करून घेता, असं का? आण्णांनी अर्थशास्त्राचं एकही पान वाचलेलं नाही. ते म्हणाले, विहिरीजवळची केळी आहे, ती रोज डोळ्यासमोर लागते. धाब्याजवळचा कापूस कोरडवाहू, तिथं एकट्यानं बुडायचं नाही. स्टिग्लिट्झला २००१ मध्ये नोबेल मिळालं, ते माहितीच्या विषमतेवरच्या कामासाठी. आण्णांना कुणी काही दिलं नाही, पण उत्तर दोघांचं एकच होतं.

गेल्या काही वर्षांत आमच्या गावात सालदार मिळेनासे झालेत. पूर्वी सातपुड्यातून पावरा आणि बारेला कुटुंबं साला-सालानं यायची, शेतातच खोपी करून राहायची. त्यांची पोरं आता सुरतेकडे किंवा बांधकामावर जातात, तिथं पैसा रोजचा मिळतो. इकडे मालकांची मुलं पुण्याला. मग शेतं उक्त्यानं जाऊ लागली. ज्याच्याकडे स्वतःची जमीन सगळ्यात कमी तोच उक्त्यानं घेतो, म्हणजे जोखीम सरकत सरकत सगळ्यात बारक्या माणसाच्या डोक्यावर आली. भरीस भर म्हणून यातलं काहीच कागदावर नसतं. १९४८ च्या कूळकायद्याची धास्ती अजून गेलेली नाही. कसणाऱ्याचं नाव कुठं लागलं तर जमीन जाईल, या भीतीनं मालक लिहून देत नाही. आणि लिहिलेलं नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही. विम्यालाही नोंदणी केलेला करार लागतो. गारपिटीची भरपाई आली की सातबारावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जमा. पीक एकाचं जातं, पैसे दुसऱ्याला येतात. मालक भला असेल तर देतो. भलेपणावर चालणाऱ्या या व्यवहाराची नोंद कुठल्या वहीत कुठल्या बाजूला करायची, हे बी.कॉम.नं मला शिकवलं नाही.

पण हिशेबानं दुसरं एक शिकवलं, तेही घरातच. दुसऱ्या वर्षी परिव्यय लेखांकन होतं. सराव म्हणून मी आण्णांच्या कापसाचा ताळेबंद मांडला. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडं. शेवटी चार पैसे उरले. आण्णा खूश. मग अर्थशास्त्राच्या वहीतला संधी खर्च आठवला : हीच जमीन उक्त्यानं दिली असती तर किती आले असते? हेच भांडवल बँकेत असतं तर व्याज किती? आणि आईचं काय? पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत ती शेतात होती. तिचा रोज कुणी धरलाच नव्हता, कारण ती घरची.

हमीभाव ठरवताना कृषी मूल्य आयोग हेच करतो. प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च तो 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की 'ए-टू अधिक एफएल'. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की 'सी-टू'. स्वामिनाथन आयोगाच्या दीडपट भावावरून जो वाद चालतो तो सगळा या अक्षरांतला आहे. सरकार दीडपट देतो म्हणतं ते 'ए-टू अधिक एफएल'वर, शेतकरी संघटना मागतात ते 'सी-टू'वर. वर्तमानपत्रात ही अक्षरं वाचली की लोक पान उलटतात. मी आईचा रोज धरून ताळेबंद पुन्हा मांडला, तर चार पैशांचा नफा तोट्यात गेला. आईला दाखवलं. तिला तोट्याचं काही वाटलं नाही. निंदणीचा नि वेचणीचा मिळून आपला आकडा एवढा मोठा होतो, हे ती दोनदा विचारून खात्री करून घेत होती.

कॉमर्सला नावं ठेवणाऱ्यांना माझं हेच म्हणणं असतं. जमा-नावे शिकणं म्हणजे कारकुनी शिकणं, हा समज त्यांना असू द्या. कोणती ओळ वहीत आलीच नाही, हे ज्याला वही येते त्यालाच दिसतं.

कापसाचं पुराण लांबवता येईल, थोडक्यात सांगते. जागतिकीकरण हा धडा आमच्या पुस्तकात १९९१ पासून सुरू व्हायचा. आमच्या रानात ते त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना जाईना आणि खानदेशी कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पुढे १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना होती : घेणारा एकच, सरकार. पुस्तकात 'क्रेता मक्तेदारी' म्हणून जी आकृती असते ती आमच्या आबांनी रांगेत उभं राहून पाहिलीय. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत भाव चढा असला की रात्रीच्या गाड्या निघायच्या. तस्करी म्हणजे दोन बाजारांतली किंमत सारखी करणारी शक्ती, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्क मिळाले.

अलीकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. हमीभाव तेव्हा मध्यम धाग्याला ५,७२६ रुपये होता. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तोच भाव डोळ्यापुढे ठेवला आणि माल विकलाच नाही. खानदेशातल्या घरांत माणसांच्या जागेवर कापूस भरला, कपाशीतल्या किडीनं पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, आणि भाव वाट बघत बघत खालीच राहिला. पुस्तकात याला किमतीबद्दलच्या अपेक्षा म्हणतात. सूतगिरणीसुद्धा भावाच्या भरवशावर असतेच, पण तिच्याकडे वायदेबाजार आहे, जोखीम तिथं विकता येते. जिनिंगवाला रुईची खंडी, सरकी आणि ढेप या तिन्हींचे भाव बघून कापसाचा भाव काढतो. एकाचा पडला तर दुसऱ्यात भरून काढतो. शेतकऱ्याकडे पुढची खोली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. निर्यातीवरच्या संकटात गिरण्यांना श्वास मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. हंगाम तोंडावर असलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात काय पडलं, हे मी पुतणीला गणित म्हणून घातलंय.

विमा आहे की, असं कुणी म्हणेल. केळीचा विमा हवामानावर आधारित असतो. हिवाळ्यात ठरावीक अंशांच्या खाली सलग काही दिवस पारा राहिला, उन्हाळ्यात ठरावीक अंशांच्या वर गेला, वारा ठरावीक वेगानं सुटला, तर भरपाई. कल्पना हुशार आहे. शेतोशेत पंचनामे नकोत, विमा काढून मुद्दाम दुर्लक्ष करण्याचा प्रश्नही नाही, कारण थर्मामीटरला कुणी फसवत नाही. अडचण अशी की हवामान केंद्र असतं महसूल मंडळात एका जागी आणि बाग असते दुसऱ्या जागी. वादळाचा पट्टा माझ्या बागेवरून गेला आणि यंत्रावरून गेला नाही, तर बाग आडवी आणि यंत्र शांत. अर्थशास्त्रात याला बेसिस रिस्क म्हणतात. आमच्याकडे तहसीलच्या आवारात याला जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता अमळनेर. खानदेशात व्यवसाय शिकणाऱ्याला अमळनेर टाळता येत नाही. २९ डिसेंबर १९४५ ला तिथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो. १९६६ मध्ये वडील अचानक गेले म्हणून अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परतले, ऐंशीच्या दशकात कंपनी संगणकाकडे वळली, आणि सुरुवातीला शेअर घेऊन विसरून गेलेली, किंवा न विसरता धरून बसलेली अमळनेरची घरं कोट्यधीश झाली. ही गोष्ट आमच्या वर्गात दर वर्षी सांगितली जाई, आणि तात्पर्य 'संयम' असं असे.

मला त्यात संयमापेक्षा कंपनी कायद्याचा धडा जास्त दिसतो. भागधारकाची जबाबदारी मर्यादित असते. ज्यानं शेअरमध्ये शंभर रुपये घातले, त्याचं बुडालं तर शंभरच बुडणार होतं. कंपनीचं कितीही कर्ज थकलं तरी त्याच्या घरावर जप्ती येणार नव्हती. तोटा बांधलेला, फायद्याला मर्यादा नाही. त्याच अमळनेरच्या शिवारात त्याच वर्षी भुईमूग पेरणाऱ्याचं गणित नेमकं उलटं होतं. चांगल्या वर्षी फायदा बेताचाच, आणि वाईट वर्षी बैल, दागिना, जमीन, सगळंच तारण. एक सांगायचं राहतं : त्याच गावात प्रताप मिलही होती, जळगावला खानदेश मिल होती. दोन्ही बंद पडल्या. खानदेश मिलच्या जागेवर आता मॉल आहे. संयम त्यांच्या भागधारकांनीही ठेवला असणार. टिकलेल्या कंपनीची गोष्ट सांगायला माणसं उरतात, म्हणून तीच ऐकू येते. संख्याशास्त्राच्या पेपरात नमुना निवडीतला दोष शिकवतात, तो शिकवायला याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही.

सोन्याबद्दल फार लिहीत नाही. जळगावच्या सोन्यावर सगळ्यांनी सगळं लिहिलंय. पुस्तकात सोनं 'अनुत्पादक गुंतवणूक' होती. घरात ते बी-बियाण्याच्या वेळी गहाण पडायचं आणि कापूस विकला की सुटून यायचं. ज्या विम्याला यंत्राची साक्ष लागत नाही असा तो एकच विमा आईकडे होता. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला, तेव्हा अनुत्पादक म्हणणारे कुठे गेले कोण जाणे.

तर पुतणीला मी असं कळवलं. कोर्सचं नाव काहीही असो, संख्याशास्त्र आणि गणित किती सत्रं आहे ते बघ, कमी असेल तर तो कोर्स सोड. लेखांकन टाळू नकोस, अर्थशास्त्राची पोरं ते टाळतात आणि मग ताळेबंद समोर आला की गप्प बसतात. उलट कॉमर्सची पोरं नियम पाठ करतात आणि तो नियम कुणाच्या सोयीचा हे विचारत नाहीत. पुण्याला गेलीस तर इंग्रजी सुधारेल, चांगले शिक्षक मिळतील, जरूर जा. इथं राहिलीस तर निदान बाजार समिती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' विकत घेतलास तर माझ्याशी बोलू नकोस.

तिनं हे सगळं वाचलं की नाही माहीत नाही, कारण उत्तरात तिनं एक वेगळाच प्रश्न पाठवला. केळीला रमजानमध्ये भाव चढतो असं सगळे म्हणतात. पण त्या दिवसांत मुळात मालच कमी असतो म्हणून भाव चढत असेल तर? रमजानमुळे किती आणि हंगामामुळे किती, हे वेगळं कसं करायचं?

मी अर्धा दिवस त्यावर घालवला, कामं बाजूला ठेवून. आणि मग लक्षात आलं की उत्तर कॅलेंडरमध्येच आहे. हिजरी वर्ष चंद्राचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. केळीचा हंगाम मात्र पावसाला बांधलेला, जागचा हलत नाही. २०१६ मध्ये रमजान जूनमध्ये आला होता, बाजारात आंबा असताना. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला लागला. म्हणजे मागणीचा उंचवटा हंगामावरून हळूहळू सरकत गेलाय, आणि वर्षावर वर्ष ठेवून बघितलं तर दोन्हींचा परिणाम सुटा करता येतो. मोठे अर्थशास्त्रज्ञ असल्या नैसर्गिक प्रयोगांच्या शोधात असतात. हिला तो बारावीत, केळीच्या बागेत बसून सुचला.

त्यासाठी बोर्डावरचे भाव पुरणार नाहीत, बांधावरचे लागतील, म्हणजे काटापावत्या. आण्णांकडच्या अलीकडच्या वर्षांच्या आहेत, जुन्यांना वाळवी लागली. चोपडा, यावल, रावेर भागात कुणी २०१५ ते २०१८ च्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर पोरीला फोटो काढू द्या. व्यापाऱ्याचं नाव झाकलं तरी चालेल, तारीख, वजन आणि दर तेवढा दिसला पाहिजे.